पान, पोशाख आणि वाढणावळ

मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करणाऱ्या क्रूझ आता मराठी घरांतल्या सुट्टीच्या बेतांत येऊ लागल्या आहेत. २०२१च्या सप्टेंबरात ‘कॉर्डेलिया’ची ‘एम्प्रेस’ ही बोट मुंबईहून सुटू लागली. त्याआधी समुद्रसफर म्हटली की ती सिंगापूरला किंवा युरोपात जाऊन करायची, अशीच समजूत होती. या सफरींची माहितीपत्रके मी आवडीने वाचतो. खोल्या आणि जलतरण तलाव यांपेक्षा माझे लक्ष जेवणाच्या पानावर जाते, कारण शब्दांची खरी गर्दी तिथे असते. ‘फॉर्मल नाइट’, ‘स्मार्ट कॅज्युअल’, ‘स्पेशालिटी रेस्टॉरंट’, ‘कव्हर चार्ज’, ‘ग्रॅच्युइटी’. सगळ्यांचा मथितार्थ दोन वाक्यांत सांगता येतो. मोठ्या भोजनगृहातले जेवण तिकिटात आले. त्याहून खास जागी जेवायचे असेल, तर अमुक कपडे घाला आणि वर तमुक पैसे मोजा.

कपडे आणि वरचे पैसे या दोन्ही गोष्टी जेवणाच्या पाटावर फार जुन्या आहेत. आपल्या भाषेने त्यांचा पुरता विचार केलेला आहे. त्या विचाराचा माग काढायला मी माळव्यात, धार आणि देवास या पवारांच्या दोन संस्थानांकडे जाणार आहे. तिथे मराठी दरबाराची भाषा होती, आणि आजच्या धार जिल्ह्यात, गंधवानीच्या भिल्ल पट्ट्यात, जेवण आणि पैसा यांचे नाते अगदी वेगळ्या तऱ्हेने जोडलेले आहे.

सुरुवात बोटीपासूनच करू. ‘पॉश’ हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की आजीसुद्धा ‘हॉटेल पॉश होतं’ म्हणते. त्याची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. इंग्लंडहून हिंदुस्थानला येणाऱ्या बोटीवर श्रीमंत उतारूंना जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूच्या, म्हणजे उन्हापासून दूरच्या खोल्या मिळत. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे तिकिटावर छापत, आणि त्यांचाच ‘पॉश’ झाला. गोष्ट सुंदर आहे, पण तिला आधार नाही. तशी अक्षरे छापलेले एकही तिकीट आजवर कोणाला दाखवता आलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी बोलभाषेच्या कोशांत हा शब्द पैसा आणि नटवा माणूस या अर्थांनी सापडतो. त्याआधीचा त्याचा प्रवास अजून कोणी निर्विवाद सिद्ध केलेला नाही. काही जण उर्दूतल्या ‘सफेदपोश’कडे बोट दाखवतात. त्यालाही पुरावा नाही. नादसारखेपणा हा व्युत्पत्तीतला सर्वांत गोड आणि सर्वांत फसवा साक्षीदार आहे.

त्या ‘पोश’चे मात्र मराठीत पक्के घर आहे. फारसीत ‘पोशीदन’ म्हणजे झाकणे, अंगावर घेणे. त्यातून ‘पोशाक’ आला आणि मराठीने तो ‘पोशाख’ म्हणून आपलासा केला. पलंग झाकतो तो पलंगपोस. खाद्यपदार्थांचे तबक झाकतो तो सरपोस. ‘सर’ म्हणजे डोके, माथा. मुदपाकखान्यातून दरबाराच्या पंगतीपर्यंत तबके नेताना त्यांवर भरजरी सरपोस घालण्याची रीत सगळ्या संस्थानांत होती. झाकण काढले की आत काय आहे ते कळे. माणसाचा पोशाख आणि तबकाचा सरपोस यांची भाषा एकच आहे.

आता फ्रेंचांकडे पाहा. ‘कव्हर चार्ज’मधल्या ‘कव्हर’चे मूळ ‘कुव्हेर’ या फ्रेंच शब्दात आहे. त्याचे क्रियापद झाकणे याच अर्थाचे. जेवणाऱ्या एका माणसासाठी मेजावर जे मांडायचे, म्हणजे ताटली, काटा, सुरी, पेला, रुमाल, त्या सगळ्याला मिळून ‘कुव्हेर’ म्हणतात. उपाहारगृहात ‘आज साठ कव्हर झाले’ म्हटले की साठ माणसे जेवून गेली. कव्हर चार्ज म्हणजे त्या मांडणीचे पैसे, मग तुम्ही त्यानंतर काय खाल ते खा. पोशाख आणि कव्हर यांच्या वंशावळी वेगळ्या आहेत, एक इराणातून आला आणि दुसरा फ्रान्समधून, तरी दोघांच्याही तळाशी झाकण्याचीच क्रिया आहे.

मराठीत ‘कुव्हेर’ला अगदी नेमका शब्द आहे, आणि तो इतका रोजचा आहे की आपल्याला तो दिसत नाही. तो शब्द म्हणजे ‘पान’. ‘दहा पानं मांड’, ‘पहिली पंगत शंभर पानांची’, ‘दोनशे पानं उठली’, ‘पानावर बसलेल्या माणसाला उठवू नये’. इथे पान म्हणजे नुसते केळीचे पान नव्हे. पाट, रांगोळी, तांब्या-भांडे, मीठ-लिंबू, चटणी-कोशिंबीर यांसकट एका माणसाची जागा म्हणजे पान. स्टीलची ताटे आली, टेबलखुर्च्या आल्या, तरी लग्नाचा आचारी आजही ‘एका पानाचा दर’ सांगतो. ‘कव्हर’चे भाषांतर शोधत बसणाऱ्यांनी आचाऱ्याची वही उघडून पाहावी.

जादा पैशांच्या बोटीवरल्या रेस्टॉरंटचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. १९०५ साली हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीच्या ‘अमेरिका’ या बोटीवर रिट्झ-कार्ल्टन नावाने असे भोजनगृह निघाले. १९१२च्या ‘टायटॅनिक’वर तसेच होते. लुइजी गात्ती हा इटालियन त्याचा चालक होता. पहिल्या वर्गाच्या उतारूंना आपल्या वर्गाच्या भोजनगृहातले जेवण तिकिटातच मिळे, पण गात्तीकडे जायचे तर प्रत्येक पदार्थाचे दाम वेगळे. जो उतारू संपूर्ण प्रवासात फक्त गात्तीकडेच जेवीन असे सांगे, त्याला तिकिटात काही सूट मिळे. म्हणजे बोटीवर एकाच वर्गात पुन्हा दोन पंगती पडल्या.

त्याच वर्षाच्या नाताळात देवासच्या थोरल्या पातीच्या राजवाड्यात एक मेजवानी झाली. देवास हे एका गावात दोन राज्ये असलेले विलक्षण संस्थान होते. तुकोजी आणि जिवाजी या पवार बंधूंपासून थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन शाखा निघाल्या, आणि १९४८ पर्यंत दोन राजे, दोन दरबार नांदले. ‘पाती’ म्हणजे वाटा; धंद्यातला भागीदार तो ‘पातीदार’. थोरल्या पातीचे राजे तेव्हा तुकोजीराव तिसरे. इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार त्यांच्याकडे पाहुणा आला होता. हाच फॉर्स्टर १९२१ मध्ये पुन्हा येऊन महाराजांचा खासगी चिटणीस झाला, आणि १९५३ मध्ये त्याने देवासवरचे ‘द हिल ऑफ देवी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. १९१२च्या त्या मेजवानीला इंग्रज पाहुण्यांनी हिंदुस्थानी पोशाखात बसायचे ठरले होते. फॉर्स्टरच्या अंगावर सोनेरी काठाचा गडद लाल रेशमी अंगरखा चढला आणि डोक्यावर लाल-सोनेरी मराठी पागोटे बसले. मग मंडळी जमिनीवर मांडी घालून आपापल्या तबकासमोर बसली.

हा प्रसंग मला फार मोलाचा वाटतो. इथेही पोशाखाचा नियम होताच. पण पोशाख नाही म्हणून पाहुण्याला दारातून परत पाठवायचे, की पोशाख यजमानाने स्वतः पुरवायचा, यात दोन संस्कृतींतले अंतर आहे. मराठी दरबारात ‘पोशाख देणे’ हा वाक्प्रचार याच अर्थाने रूढ होता. वतनदाराला, वकिलाला, सरदाराला पोशाख मिळे आणि तो अंगावर चढला की तो दरबारचा माणूस होई. नियम पाहुण्याने पाळायचा, पण त्याचा खर्च यजमानाने सोसायचा, अशी ती रीत होती.

पागोट्याचाच एक भाऊबंद म्हणजे मंदील. मंदील म्हणजे जरीकामाचे, मानाचे शिरोवस्त्र. पोवाड्यांत, बखरींत, लग्नाच्या याद्यांत तो आढळतो. हा शब्द अरबीतून आला. अरबीत ‘मंदील’ म्हणजे हातरुमाल, पुसायचा रुमाल. अरबांना तो मिळाला लॅटिनकडून, मधल्या भाषांचे हात लागत लागत. लॅटिनमध्ये ‘मांतेले’ म्हणजे हात पुसायचा किंवा जेवणाच्या मेजावरचा कपडा, आणि स्पॅनिश भाषेत ‘मांतेल’ म्हणजे आजही मेजावर घालायची चादर. रोमन माणसाने जेवताना हात पुसले तो कपडा फिरत फिरत मराठी सरदाराच्या माथ्यावर जरतारी होऊन बसला. बोटीवरच्या फॉर्मल रात्री मांडीवर पसरलेला पांढरा रुमाल आणि आपल्या नवरदेवाचा मंदील यांची हकीकत अशी एका धाग्यात ओवलेली आहे.

त्या फॉर्मल रात्रीच्या पोशाखात आपला आणखी एक शब्द ठसठशीत दिसतो. काळा कोट, बो टाय आणि पोटावर रेशमी पट्टा. त्या पट्ट्याला इंग्रजीत जे म्हणतात ते दुसरेतिसरे काही नसून ‘कमरबंद’ आहे. हिंदुस्थानातल्या उकाड्यात जाकीट सोसेना, म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी जाकिटाच्या जागी आपल्याकडचा कमरबंद बांधला आणि तो घेऊन ते मायदेशी गेले. उलट ज्या कपड्यांना अशा रात्री मज्जाव असतो त्यांतही आपलेच शब्द आहेत. पायजमा, म्हणजे पायांचा जामा, झोपण्याचा कपडा म्हणून इंग्रजीत गेला आणि तिथेच राहिला. ‘डंगरी’ या जाड्याभरड्या सुती कापडाचे मूळ कोशकार ‘डुंगरी’ या देशी शब्दात सांगतात, आणि मुंबईच्या किल्ल्याशेजारच्या डोंगरीशी त्याचे नाते जोडले जाते. खलाशी ते कापड कामावर वापरत. बोट चालवणाऱ्यांचा कपडा बोटीवरच्या जेवणघरात चालत नाही, कमरबंद चालतो. दोन्ही इथूनच गेले. कोणता कोणाच्या अंगावर होता, एवढ्यावर त्यांची पायरी ठरली.

‘सूट’ या शब्दाची हकीकतही सांगण्याजोगी आहे. अंगावरचा सूट फ्रेंचातून इंग्रजीत आला. मूळ लॅटिन धातूचा अर्थ मागोमाग जाणे, बरोबर असणे. कोट, जाकीट, विजार एकमेकांच्या संगतीने जातात म्हणून तो सूट. त्याच कुळातला संस्कृत धातू ‘सच्’, आणि त्यापासून ‘सचिव’, म्हणजे सोबती, साहाय्यक. मराठीची स्वतःची ‘सूट’ निराळी, ‘सुटणे’पासूनची: सवलत, मोकळीक.

‘फॉर्मल’ला मराठी शब्द नाही, असे मला एका प्रवाससंस्थेच्या माणसाने सांगितले. तो आहे आणि फार देखणा आहे: ‘जामानिमा’. जामा म्हणजे पायघोळ अंगरखा. नीमा म्हणजे त्याच्या आतला, अर्ध्या लांबीचा. फारसी ‘नीम’ म्हणजे अर्धा. दोन्ही चढवले की दरबारी पोशाख पुरा झाला. आज आपण ‘सगळा जामानिमा करून निघाले’ असे कोणाच्याही थाटाबद्दल म्हणतो, पण शब्द अजून जिवंत आहे आणि नेमका आहे. ‘स्मार्ट कॅज्युअल’ला ‘नीटनेटका’ पुरतो.

पोशाखाच्या नियमाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९८८ मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबात मकबूल फिदा हुसेन यांना अनवाणी असल्यामुळे प्रवेश नाकारला गेला. पंढरपूरला जन्मलेला आणि इंदूरला, म्हणजे देवास-धारच्या शेजारी वाढलेला हा चित्रकार. २०१४ मध्ये चेन्नईतल्या क्रिकेट संघटनेच्या क्लबात उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना धोतर नेसल्याबद्दल अडवले, आणि त्यावर तमिळनाडू विधानसभेने त्याच वर्षी असा अटकाव करणाऱ्यांविरुद्ध कायदा केला.

हे क्लब गोऱ्यांचा वारसा चालवतात असे म्हणून हात झटकता येणार नाहीत. सोवळ्याचा नियम आमचाच होता. मुकटा, कद, पीतांबर, धाबळी नेसल्याशिवाय पानावर बसता येत नसे. सुती कपडा धुऊन वाळला तरी कोणाचा हात लागला की ओवळा झाला. यात स्वच्छतेचा भाग होता, हे मान्य. पण ‘पंक्तिबाह्य’ हा शब्दही याच घरातला आहे. मूळ ‘पंक्ती’ म्हणजे पाचांचा गट; पाच चरणांच्या वैदिक छंदाचेही तेच नाव. पाचांचा अर्थ मागे पडला आणि रांग उरली. रांग आली की तिच्या बाहेर कोण, हा प्रश्न आला, आणि आम्ही त्याचे उत्तर जातीवरून दिले. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे, गोखले आणि इतर मंडळींनी मिशनऱ्यांकडे चहा घेतला. त्यावरून जे ‘चहाग्रामण्य’ उठले ते शंकराचार्यांपर्यंत गेले आणि अनेकांना प्रायश्चित्त घ्यावे लागले. एका कपाचा वरखर्च इतका होता. ही गोष्ट आपल्या शब्दकोशाने पुसू नये.

आता पैशांकडे येतो. इथे मराठीजवळ एक प्रत्यय आहे ज्याचा मला मनापासून अभिमान वाटतो. धुण्याची मजुरी ती धुणावळ. दळण्याची दळणावळ. दागिना घडवण्याची घडणावळ, कपडा शिवण्याची शिवणावळ, दस्त लिहिण्याची लिहिणावळ, पुस्तक छापण्याची छापणावळ. कोणतेही कष्टाचे क्रियापद घ्या, त्याला ‘-णावळ’ जोडा, आणि त्या कष्टाचे मोल हाती येते. सोनाराच्या पावतीत सोन्याचा भाव वेगळा आणि घडणावळ वेगळी असते. म्हणजे वस्तूची किंमत आणि हातांची किंमत या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे हा प्रत्यय रोज सांगत असतो.

‘खाणावळ’ याच माळेतला शब्द आहे. हिंदी ‘खाना’च्या सवयीने आपण आता ‘खानावळ’ लिहितो, पण मूळ ‘खाणे’. खाण्याचे मोल ते खाणावळ, आणि मोल देऊन जिथे खायचे ते ठिकाणही खाणावळ. गिरणगावात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदत. कोकणातून आणि घाटावरून आलेला गिरणी कामगार एखाद्या बाईकडे दोन वेळ जेवे आणि पगार झाला की महिन्याची खाणावळ तिच्या हातावर ठेवी. दहा बाय दहाच्या खोलीत चुलीपुढे उभ्या असलेल्या या बायकांचे संघटन १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने केले. तिथे कव्हर चार्ज नव्हता, पोशाखाची अट नव्हती. पाळीवरून घामेजलेला माणूस तसाच पानावर बसे. (‘जेवणावळ’ मात्र वेगळी. तिथे मोल नाही, तिथे पंगतीमागून पंगत आहे.)

मग वाढपाच्या कष्टाचे मोल? त्याला ‘वाढणावळ’ म्हणावे असे मी सुचवतो. शब्द नवा आहे, पण एकदा ऐकला की परका वाटत नाही. आज बिलाच्या तळाशी जो ‘सर्व्हिस चार्ज’ येतो तो कशाचा, हे गिऱ्हाइकाला कळत नाही. तो सरकारी कर आहे असे समजून कित्येक जण मुकाट्याने देतात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढून सांगितले की हॉटेलांनी हा आकार आपणहून बिलात घालू नये, द्यायचा की नाही हे गिऱ्हाइकाने ठरवावे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५च्या मार्चमध्ये त्या सूचना वैध ठरवल्या. बिलावर ‘वाढणावळ’ असा शब्द असता तर हा घोळ इतका वाढलाच नसता. वाढणावळ वाढप्याची. ती त्याच्यापर्यंत पोचते का, हा प्रश्न शब्दातच उभा राहतो.

‘आकार’ हाही चांगला शब्द आहे. विजेच्या बिलावर ‘स्थिर आकार’, ‘वहन आकार’ आपण दर महिन्याला वाचतो. त्याच चालीवर कव्हर चार्ज म्हणजे ‘पानाचा आकार’. शाळेतल्या पोरालाही कळेल.

खुशीने दिलेल्या पैशाला आपण ‘बक्षीस’ म्हणतो, दिवाळीला दिले तर ‘पोस्त’. बक्षीस फारसी ‘बख़्शिश’वरून आले, आणि त्याची पाळेमुळे आपल्याच अंगणात येऊन पोचतात. इराणी ‘बख़्श’ आणि संस्कृत ‘भज्’ एकाच मुळाचे, अर्थ वाटून देणे. त्या ‘भज्’पासून भाग झाला. ‘भक्ष्’ही त्याचाच विस्तार: आपला वाटा घेणे, म्हणून खाणे. आणि ‘भक्त’ म्हणजे वाटून दिलेले, म्हणून अन्न, म्हणून शिजवलेला तांदूळ. त्या ‘भक्त’चाच मराठीत ‘भात’ झाला. पानावरचा भात आणि वाढप्याचे बक्षीस ही सख्खी चुलत भावंडे आहेत. अन्न म्हणजे वाटणी, ही जाणीव या कुळात हजारो वर्षे टिकली आहे. वाढणाऱ्यालाही वाटा मिळावा, हे मला त्या शब्दातच लिहिलेले दिसते.

एके काळी तर पैसा उलटा वाहत असे. जेवणाऱ्यालाच दक्षिणा मिळे. खंडेराव दाभाड्यांनी तळेगावात सुरू केलेली श्रावणमासाची दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवली, आणि पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात ती वाटली जाई. तिथेही वाटा एकाच वर्णाला होता. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्याच निधीतून १८२१ मध्ये पुण्यात संस्कृत पाठशाळा काढली.

आणि आता गंधवानी. धार जिल्ह्याच्या दक्षिण-पश्चिमेचा हा तालुका, भिल्ल आणि भिलाला वस्तीचा, विधानसभेची जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव. धारच्या पवारांचा मराठी दरबार राजधानीत होता. या डोंगराळ पट्ट्याची भाषा भिली आणि निमाडी राहिली. इथे बोट नाही, समुद्र नाही, पण जेवण, पोशाख आणि पैसा यांचा जो मेळ इथे आणि शेजारच्या झाबुआ-अलीराजपूरमध्ये आहे तो या सगळ्या चर्चेला आरसा दाखवतो.

या मुलखातल्या एका चालीला ‘नोतरा’ म्हणतात. शब्द संस्कृत ‘निमंत्र’पासूनचा, गुजरातीत ‘नोतरुं’, हिंदीत ‘न्योता’. आपल्याकडे ‘आमंत्रण’चे ‘आवतण’ झाले, तसाच हा प्रकार. घरी लग्न आहे, अडचण आहे, मोठा खर्च उभा आहे, तर माणूस गावाला आणि सोयऱ्याधायऱ्यांना नोतरा देतो. निमंत्रण म्हणून पिवळे तांदूळ जातात. लोक येतात, जेवतात आणि ऐपतीप्रमाणे पैसे देतात. कोणी किती दिले याची नोंद वहीत होते. पुढे देणाऱ्याच्या घरी नोतरा असला की हा माणूस ती रक्कम परत करतो, आणि वर थोडी अधिक ठेवतो. त्या ‘अधिक’ला मराठीत ‘वरकड’ म्हणता येईल. वरकड म्हणजे वरचे, उरलेले, जादा. मार्क्सचा विचार मराठीत आणताना ‘वरकड मूल्य’ हीच संज्ञा रूढ झाली. बोटीवरचा वरकड पैसा पंगत वेगळी करण्यासाठी घेतात. नोतऱ्यातला वरकड पैसा पंगत टिकवण्यासाठी देतात. बँकेचे कर्ज मिळत नाही तिथे या वरकडीवर लग्ने लागतात, बैल येतात, घरे शाकारली जातात.

पोशाखाचेही तेच. होळीच्या आधीच्या आठवड्यात या भागात भगोरियाचे बाजार भरतात. एकेका पाड्याच्या मुली एकाच रंगाच्या, एकाच कापडाच्या घागरा-ओढणीत घोळक्याने येतात. दारात कोणी पहारेकरी नाही, नियम कोणी छापलेला नाही. सगळ्यांना पुरेल असे कापड एकत्र घ्यायचे आणि कोणी मागे पडायचे नाही, इतकाच त्याचा अर्थ. शेजारचे बाग हे गाव ठशांच्या छपाईसाठी प्रसिद्ध. अलिझरीनचा लाल, गंजलेल्या लोखंडाचा काळा, आणि नदीच्या वाहत्या पाण्यात धुऊन उजळलेले रंग. या छपाईला २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सिंधमधून आलेल्या खत्री कुटुंबांनी ती इथे वाढवली, आणि तिचे पहिले गिऱ्हाईक इथल्या आदिवासी बायका होत्या. आज हेच कापड शहरातल्या पॉश जेवणघरांत साडी होऊन मिरवते.

शेवटी तो शब्द, ज्याच्यासाठी मी हे सारे लिहायला घेतले: पंक्तिप्रपंच. एकाच पंगतीत एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजाऱ्याच्या पानात तोंड पाहून वाढणे, याला मराठीत पंक्तिप्रपंच म्हणतात, आणि तो दोष मानला जातो. घरी आलेल्या सुनेला सासू पहिल्या दिवसांत जे शिकवी त्यात हे असे. श्रीमंती बोटींवर खोलीच्या दरानुसार जेवणघर ठरते. क्युनार्डच्या बोटींवर क्वीन्स ग्रिल, प्रिन्सेस ग्रिल आणि ब्रिटानिया अशी जेवणघरेच उतारूच्या खोलीप्रमाणे वाटून दिलेली असतात. ज्याला परवडते त्याने तिथे जावे, माझी तक्रार नाही. वेगळे घर, वेगळी पंगत, आधी सांगितलेला दर, हा सरळ व्यवहार झाला. पण दर आधी न सांगता पानावर बसवून मग आकार लावणे, आणि कपड्यावरून माणूस पारखून दारातून परत पाठवणे, हा पंक्तिप्रपंच आहे. त्याला दुसरा शब्द नाही.

तेव्हा मराठीत माहितीपत्रके छापणाऱ्या प्रवाससंस्थांना, बोटकंपन्यांना आणि आपल्या हॉटेलवाल्यांना माझी विनंती आहे. ‘पानाचा आकार’ इतका, ‘वाढणावळ’ इतकी आणि ती ऐच्छिक, पोशाख ‘जामानिमा’ की ‘नीटनेटका’, हे पहिल्याच पानावर, जेवणाच्या यादीच्या वरती, मोठ्या अक्षरांत छापा. धोतर, लुगडे, फेटा, घागरा चालेल, हेही लिहा. आणि वाचकहो, पुढच्या वेळी बिल हातात आले की त्यातली वाढणावळ वाढणाऱ्याला मिळते का, एवढे जरूर विचारा.